पिस्तुलाचा नवा दात

सोमवार, ४

व्यायामवाली म्हणते, रोज उजव्या हातानं लिहा. काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणते, "काहीही लिहा काका, मनातलं लिहा." माझ्या मनातलं वाचलं तर ती उद्यापासून हा जिना चढायची नाही. रबराचा चेंडू हातात देते आणि दाबायला लावते. मी दाबतो. ती "व्वा!" म्हणते. जन्मभर पिस्तुलं आणि बंदुका दुरुस्त केल्या, तेव्हा कुणी व्वा म्हटलं नाही. आता चेंडू दाबला म्हणून शाबासकी!

तर लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, पण तो दोष पेनाचा. लेकीनं असलं गुळगुळीत पेन आणून दिलंय की बोटात ठरत नाही.

घर वर, दुकान खाली. आजारानं माझी उजवी बाजू धरली तेव्हापासून खाली जावईबापू बसतात. गृहस्थ मूळचे शिवणयंत्रं दुरुस्त करणारे. सुई अडकली, पट्टा सुटला, बॉबिन फिरेना, एवढीच त्यांची दुनिया. लेकीनं पसंत केलं म्हणून घरात घेतलं, आणि लेकीचा नवरा म्हणून 'अहो-जाहो' करतो. एरवी असल्या कारागिराला मी दुकानाच्या पायरीवर उभा केला नसता.

बुधवार, ६

आज लेक चहाचा कप घेऊन आली आणि समोर बसून राहिली. ती अशी बसली की काहीतरी मागणार हे मला ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणाली, "बाबा, या महिनाअखेरीस दुकानाचा परवाना संपतो. या वेळी कारागीर म्हणून यांचं नाव घाला."

मी म्हटलं, "कुणाचं?"

"कुणाचं काय, यांचं. तुम्ही आजारी पडल्यापासून सगळं काम हेच करतायत."

"काम करणं वेगळं आणि कारागीर असणं वेगळं."

मग तिनं खरं ते सांगितलं. जावईबापूंना कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात बोलावलंय, तिथली यंत्रं सांभाळायला. राहायला घर देतायत. एक तारखेला हजर व्हायचं. परवान्यावर नाव आलं तर ते नाही म्हणून कळवतील आणि इथेच राहतील. नाव आलं नाही तर दोघंही जाणार.

"धमकी देतेस?"

"नाही हो. विचारतेय. मला इथंच राहायचंय, बाबा." तिचे डोळे भरून आले होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

परवान्यावर एकच नाव लागतं, हा सरकारचा नियम. ते नाव माझं आहे आणि माझ्या आधी माझ्या वडिलांचं होतं. तिथे शिवणयंत्रवाला? उद्या म्हणाल देव्हाऱ्यात पायपुसणं ठेवा.

शुक्रवार, ८

हेडबाई आल्या. मुलींच्या शाळेच्या हेडबाई होत्या, आता निवृत्त आहेत, पण चालतात अजून प्रार्थनेची घंटा झाल्यासारख्या. त्यांच्या वडिलांचं जुनं पिस्तूल आहे. नेमबाजीच्या क्लबात जुन्या हत्यारांची स्पर्धा असते, तिथे त्याच पिस्तुलानं नेम मारतात आणि भल्याभल्या मिशीवाल्यांना घरी पाठवतात. सगळ्या गिऱ्हाइकांत तेवढी एकच बाई आहे जिचा मला मनापासून राग येत नाही.

पिस्तुलाचा इजेक्टर मोडलाय. आम्ही त्याला दात म्हणतो. गोळी सुटली की रिकामी पुंगळी मागे येते, आणि हा नखाएवढा दात तिला ठोकर मारून बाहेर फेकतो. दात गेला की पुंगळी आतच अडकते आणि पिस्तुलाचं होतं पेपरवेट. नवा दात बाईंनी जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडून मागवलाय. त्यानं पुडीत दोन पाठवले. तयार बसत नाही तो, मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. घासून घासून त्या त्या पिस्तुलाला बेतायचा. जास्त घासलात तर संपलं. लोखंड घासता येतं, परत चिकटवता येत नाही.

बाईंनी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही करणार की जावई?"

जावईबापू शेजारी हात पुसत उभे होते. जिन्याच्या दारात लेक होती. मला एकदम सुचलं. म्हटलं, "बाई, तुम्हीच साक्षीदार. हा दात जो बसवील, त्याचं नाव परवान्यावर."

लेकीचा चेहरा उजळला. जावईबापू म्हणाले, "बघतो मामा." बघतो! कारागीर 'करतो' म्हणतो.

सतरा तारखेला रविवारी क्लबात स्पर्धा आहे. सगळे टोणगे जमतील. त्यातले निम्मे तर मिस्त्री संपला का हेच बघायला येतील.

शनिवार, ९

जिना उतरून खाली गेलो. जावईबापू मागे मागे, दोन्ही हात पसरून, जणू मी काचेची बरणी आहे.

त्यांचं काम बघितलं आणि हसावं की रडावं कळेना. दाताला निळी शाई लावतात. पिस्तुलात बसवतात. काढतात. जिथे शाई पुसली गेली तेवढंच ठिकाण घासतात. परत शाई. परत बसव. परत काढ. अरे, हे लोखंड आहे की परीक्षेचा पेपर? मी जन्मात शाई लावली नाही. बोटाला कळायचं. आणि कानस धरतात ती आडवी, दोन्ही टोकांना पकडून स्वतःकडे ओढतात, न्हावी वस्तरा ओढतो तशी. आमच्यात कानस पुढे ढकलतात. दातही आडवा बांधतात, म्हणून त्याच्या अंगावर सगळ्या आडव्या रेषा.

म्हटलं, "अहो, ही कुठली पद्धत?"

"शिवणयंत्राच्या दातऱ्या अशाच घासतो मामा. हळू होतं, पण चुकत नाही."

"ते कापड पुढे सरकवतं. हे गोळी झाडतं."

"हो मामा."

या माणसाचा मला सगळ्यात मोठा राग या 'हो मामा'चा येतो. भांडायला सुद्धा उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, १२

अजून तेच. शाई, बसव, काढ. मी खुर्चीत बसून बघतो आणि माझं रक्त उकळतं. दुपारी सांगून टाकलं, "दुसरा दात द्या इकडे."

लेक म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांना दात बसवता येतो का?"

जावईबापूंनी लोखंड पकडणाऱ्या व्हाइससमोर माझं जुनं स्टूल आणून ठेवलं आणि वरचा दिवा ओढून खाली घेतला. दिवा मी मागितला नव्हता.

बुधवार, १३

आज घासलं. व्हाइस हलतं. कुणीतरी बाक सरकवलाय, पूर्वी मला असं वाकावं लागत नव्हतं. कानशी बोथट करून ठेवल्यात सगळ्या. नाचता येईना अंगण वाकडं अशातला मी नव्हे, पण दुसऱ्याच्या हाती हत्यारं गेली की ती बाटतात हे खरं.

एकदा दात हातातून पडला. लेक टॉर्च घेऊन बाकाखाली आडवी झाली. सापडल्यावर माझ्या हातावर ठेवला आणि माझी बोटं मिटून वर स्वतःचा हात धरून ठेवला. म्हटलं, "सोड, काम आहे."

शुक्रवार, १५

जावईबापू सकाळी म्हणाले, "माझा होत आला मामा. उद्या बसवून बघतो."

उद्या म्हणे! मी जेवणाआधीच माझा बसवून टाकला. यांचा आठवडाभर अडकत होता, माझा हात लावताच आत गेला. थोडा हलतो. हललंच पाहिजे, यंत्रालाही श्वास लागतो. जावईबापू बघत होते. म्हणाले, "मामा, डमी गोळी घालून बघू या का एकदा?"

म्हटलं, "माझ्या कामाला चाचणी लागत नाही. रविवारी सगळ्या क्लबासमोर बघा." पिस्तूल फडक्यात गुंडाळून बाकावर ठेवलं आणि वर येऊन आडवा झालो. बऱ्याच दिवसांनी कष्टाची झोप लागली. मधेच खालून खटक, खटक, खटक ऐकू येत होतं. लोकांनी दुपारचं झोपूसुद्धा नये.

चहाच्या वेळी खाली गेलो, तर जावईबापू तोंड पाडून उभे. तळहातावर दात.

"माझा गेला मामा. जास्त घासला गेला."

हातात घेऊन बघितला. अरारारा! टोक आखूड, कोपरे गोल, एक बाजू खाल्लेली. आंधळ्यानं चालत्या बसमध्ये घासावा तसा. ज्या माणसानं हे केलं त्यानं पुन्हा कानशीला हात लावू नये, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "हो मामा."

 वाईट वाटलं असं नाही, कीव आली. लेकीनं काय बघितलं या माणसात?

पिस्तूल फडक्यातच होतं. हलवून बघितलं, आता दात अजिबात हलत नाही. वरची स्लाइडसुद्धा जरा घट्ट वाटली. दुपारी हवा गार झाली होती, लोखंड आवळतं. या गोष्टी अनुभवानं कळतात.

शनिवार, १६

सकाळी दोघांची खाली वादावादी. जिन्यात उभं राहून ऐकलं, माझ्याच घरात मी कुठेही उभा राहू शकतो. लेक रडत होती. "अहो, मग आपलं काय? मला इथून जायचं नाहीये. एकदा सांगून तर बघा!"

जावईबापूंनी कानस खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर? नाही गं. मला नाही जमत."

नाही जमत! चला, कबूल तरी केलं. बायकोसमोर का होईना.

मी वर आलो. लेकीला नवऱ्याच्या नालायकीचं इतकं लागावं, याचं मला आश्चर्य वाटलं. आता तरी डोळे उघडले असतील.

रविवार, १७

क्लबाच्या रेंजवर सगळा बाजार जमला होता. ज्यांना पिस्तुलाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं कळत नाही तेही मला "कसं काय मिस्त्री, तब्येत काय म्हणते?" विचारत होते. तब्येत म्हणते तुझं थोबाड बघायला नको.

लेक माझ्या उजव्या बाजूला. जावईबापू मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. माझ्या अंगाला घाम सुटला होता, उन्हामुळे.

बाईंनी हात ताणला. पहिली गोळी. पुंगळी टण्णकन बाहेर, उजवीकडे, लांब. दुसरी. तिसरी. सगळ्या एकाच जागी जाऊन पडल्या, कुणी हातानं रचून ठेवाव्यात तशा. टोणग्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. बाई जिंकल्या. लोक माझ्याशी हात मिळवायला आले, तेव्हा मी डावा पुढे केला.

 खोटं कशाला लिहू? आजारपणात रात्रंदिवस एकच भीती होती, की आपण संपलो. मी संपलेलो नाही.

मग बाईंनी पिस्तूल उघडलं आणि आपलं भिंग काढून दात बघितला. त्यांची जुनी खोड, प्रत्येक काम तपासतात. म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या कामाच्या रेषा नेहमी उभ्या असतात ना? या आडव्या दिसतायत."

मी म्हटलं, "आजारानंतर हात बदलतो, बाई. अक्षर नाही का बदललं?"

बाईंनी भिंग खाली घेतलं. वळून जावईबापूंकडे बघितलं, बराच वेळ. ते खाली वाकून पुंगळ्या गोळा करत होते. बाई म्हणाल्या, "तुमच्या जावयांना काय म्हणावं, मला कळत नाही."

म्हटलं, "मलाही."

मंगळवार, १९

परवान्याच्या कागदावर सही केली. कारागिराचं नाव माझंच. परवाना कचेरीतला पोरगा म्हणाला, "काका, सही जरा जुळत नाहीये." म्हटलं, "माणूस समोर उभा आहे, तो जुळतोय ना?" त्यानं शिक्का मारला.

जावईबापूंनी रिक्षा आणली होती, परत घेऊनही आले. वाटेत म्हणाले, "मामा, बारीक कामं घेऊ नका सुरुवातीला. सफाई, तेलपाणी, एवढंच घ्या." उंटावरचे शहाणे! स्वतःला एक दात घासता येत नाही आणि मला शिकवतात.

सोमवार, २५

सामान बांधणं चाललंय. लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. डब्यांना चिठ्ठ्या लावल्यात, औषधांना चिठ्ठ्या लावल्यात, उद्या मलाही एक लावील. समोरच्या चष्मेवाल्याला सांगून ठेवलंय की बाबांकडे लक्ष द्या. माझ्याकडे लक्ष! त्या चष्मेवाल्याला स्वतःच्या दुकानातले उंदीर दिसत नाहीत.

दुपारी तिनं पुन्हा विषय काढला. "बाबा, आमच्याबरोबर चला ना. तिकडे मोठं घर आहे."

"दुकान कोण बघील?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होती, एवढ्यात आतून जावईबापूंनी हाक मारली, "अगं, दोरी कुठे आहे?" दोरी तर तिथंच समोर पडली होती, मला दिसत होती.

शनिवार, ३०

आज गेले.

गाडी यायला वेळ होता. मनात आलं, कसाही असला तरी लेकीचा नवरा, रिकाम्या हातानं कसा पाठवू? त्यांनी बिघडवलेला दात मी ठेवून दिला होता. तो कागदात बांधून दिला. म्हटलं, "जावईबापू, हा जवळ ठेवा. रोज बघत जा. चूक बघितल्याशिवाय माणूस शिकत नाही."

आणि शेवटचं म्हणून सगळं नीट समजावून सांगितलं. दिव्याखाली धरून एकेक दाखवलं. म्हटलं, हे टोक बघा, आखूड झालंय, कारण कुठे थांबायचं ते कळलं नाही. ही बाजू जास्त खाल्लीय, म्हणजे हात एकीकडे झुकतो आणि हे तुमच्या ध्यानात येत नाही. इथे कानस घसरली, इथे दम संपला. या वेळी शाई लावली नाहीत, घाई केलीत. कुणाच्या तरी आधी संपवायची घाई. आणि रेषा बघा, उभ्या. म्हणजे शेवटी शेवटी माझी नक्कल करायला गेलात. नक्कल करून हात येत नाही, जावईबापू. ज्याचा हात गेला त्यानं गेला म्हणावं आणि बाजूला व्हावं, त्यात कमीपणा नाही. पण जमत नसताना जमतंय म्हणून बसून राहणं ही कारागिराची बेइमानी.

एवढं मी कधी कुणाला शिकवलं नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पश्चात्ताप झाला की माणूस सुधारतो.

"हो मामा," म्हणाले. "लक्षात ठेवीन."

तेवढ्यात लेक ओरडली, "बाबा, पुरे! पुरे करा आता!" आणि तोंड फिरवून बाहेर गेली. शेवटी तिलाही लाज वाटली नवऱ्याची.

जावईबापूंनी दात कागदासकट शर्टाच्या खिशात ठेवला, बटण लावलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. उजवा जरा जास्त वेळ धरला. मग गाडी आली.

सोमवार, १

सकाळी दुकान उघडायला गेलो. कुलपं निघाली. शटर वर जाईना. गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं. डावा हात लावला, खांदा लावला. जावईबापू रोज धसमुसळेपणानं उचलायचे, वाकवून ठेवलंय. चष्मेवाला रस्ता ओलांडून आला, "काका, मी उचलू?" म्हणाला. म्हटलं, "तुझं तू बघ."

पायरीवर बसून राहिलो. एक गिऱ्हाईक आलं, लांब पेटी घेऊन. शटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणालं, "जावई नाहीत का?" मी नाही म्हटलं. ते परत गेलं. असल्या गिऱ्हाइकाची मला गरज नाही.

दुपारी पायरीवरच होतो, लेकीचा फोन आला. नवं घर हवेशीर आहे म्हणाली. मग विचारलं, "बाबा, जेवलात? दुकान उघडलंत का?"

"उघडलं," म्हटलं. "ठेव आता. गिऱ्हाईक आहे समोर."

तिनं लगेच ठेवला नाही. मीही ठेवला नाही. ती फक्त ऐकत होती. इकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता, दुकानात तो येत नाही.

मग मीच ठेवला. शटर अजून तसंच आहे, गुडघ्यापर्यंत.